अलैंगिकाचे तीन आठवडे

गणपती उठले की मी बटाटे आणते. चोवीस वर्षांत यात खंड पडलेला नाही. यंदाही आणले. आठवीच्या विज्ञानात सजीवांच्या प्रजननाचा धडा त्याच सुमाराला येतो आणि त्याचे दोन भाग असतात, अलैंगिक आणि लैंगिक. पहिला भाग मी तीन आठवडे शिकवते, दुसरा एका तासात उरकते. नियोजनाच्या वहीत अर्थातच दोन्हींना सारखे तास दाखवलेले असतात. तपासणीला येणारे साहेब त्यावर मुकाट्याने सही करतात, कारण शिक्षक असताना त्यांनीही हेच केलेलं असतं.

वेळ काढायला अलैंगिक प्रजननासारखा दुसरा विषय नाही. बटाट्याचे डोळे कापायचे, अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये माती भरून त्यात पुरायचे, रोज पाणी घालायचं आणि मोडांची उंची पट्टीने मोजून फळ्यावर लिहायची. यातच दोन आठवडे जातात. पानफुटीचं एकेक पान प्रत्येकाने वहीत ठेवायचं आणि त्याच्या कडेला रोपं फुटली का ते रोज उघडून बघायचं. यीस्टची पुडी कोमट साखरपाण्यात टाकली की फेस वर येतो आणि सगळा वर्ग आरडाओरडा करतो. जलव्याल, म्हणजे हायड्रा, मी जन्मात कधी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण त्याची आकृती मी डोळे मिटून काढते आणि त्याच्या अंगावर फुटलेली कळी गुलाबी खडूने रंगवते. माझ्या बटाट्यांना एकदा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षीसही मिळालं आहे. ही बाई जीव ओतून शिकवते असा सगळ्यांचा समज आहे आणि मी तो कधी खोडून काढलेला नाही.

दुसरा भाग दिवाळीनंतर. त्या दिवशी मुलांना कबड्डीला मैदानावर सोडायचं आणि मुलींना वर्गात ठेवून दार ओढून घ्यायचं. मी फळ्यावर आकृती काढते, नावं लिहिते, मुली माना खाली घालून उतरवतात आणि मी खिडकीतून कबड्डी बघत उभी राहते. घंटा व्हायला दोन मिनिटं असताना मी डस्टर उचलते आणि दाराकडे जाता जाता विचारते, "काही शंका?" कुणालाच शंका नसते. मुलांना मी "पुस्तकातून उतरवून आणा" एवढंच सांगते. ते इतकी सुबक आकृती उतरवून आणतात की पुस्तकात तेच पान तेवढं मळलेलं असतं.

आमची शाळा चाकणच्या पुढे, कारखान्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या एका गावात आहे. मी तळेगावहून स्कूटीवर येते. रस्ताभर पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मध्ये मी देवाचं नाव घेत. गावातल्या जुन्या घरांनी आपापल्या शेतांत खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत आणि त्या खोल्यांमधून बीड, लातूर, नांदेडकडची माणसं राहतात. माझा निम्मा वर्ग त्या खोल्यांतला. त्यांचे वडील एका शिफ्टला, आई दुसऱ्या शिफ्टला, आणि दोघांची गाठ बहुतेक गेटवरच पडत असावी.

गेल्या वर्षीच्या आठवीत दुसऱ्या बाकावर खिडकीपाशी एक मुलगी बसायची. बीडकडची. तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि प्रश्न विचारायची खोड. अशा मुली मला आवडतात आणि खरं सांगायचं तर जडही जातात, कारण त्यांच्यासाठी घरून वाचून यावं लागतं. तिच्या पानफुटीला वर्गात सगळ्यांत आधी रोपं फुटली. पाच. तिने ती मला मधल्या सुट्टीत येऊन दाखवली आणि विचारलं, "बाई, हे पान मेलं की रोपं जगतेत का?" मी म्हटलं जगतात. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही, पण ती गेली.

त्याच आठवड्यात मी पुनर्जनन शिकवत होते. प्लॅनेरिया नावाचा एक चपटा जीव असतो, त्याचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याचा पुन्हा अख्खा प्लॅनेरिया होतो. हा माझा आवडता भाग. मी फळ्यावर त्याचे तीन तुकडे करते आणि एकेकाला डोकं, शेपूट जोडत जाते, मुलं टाळ्या वाजवतात. टाळ्या संपल्यावर हिचा हात वर.

"बाई, माणसाचं काय काय परत येतं?"

"नखं येतात, केस येतात. जखम झाली तर कातडी भरून येते. यकृताचा तुकडा काढला तर तेही बरंचसं वाढतं."

"अन् पिशवी?"

मागच्या बाकावरच्या दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. मुलांमधला एकजण फिसकन हसला. पिशवी म्हणजे काय हे त्या वर्गात प्रत्येकाला माहीत होतं. गर्भाशय हा शब्द तेवढा कुणाला येत नव्हता, कारण तो मी अजून शिकवलेला नव्हता.

"ते पुढच्या भागात आहे," मी म्हणाले.

"पुढला भाग कधी हाय?"

"दिवाळीनंतर."

"दिवाळीच्या आधी न्हाई का घेता येणार?"

"सहामाहीला नाहीये तो. तू आत्तापासून का घाम गाळतेस?"

वर्ग हसला. ती बसली. मला माझ्या हजरजबाबीपणाचं थोडं कौतुकच वाटलं, कारण वेळ मारून नेण्यात मी पटाईत आहे आणि आजही नेली होती.

त्यानंतर तिने मला दोनदा गाठलं. एकदा शिक्षकखोलीच्या दाराशी आणि एकदा पाण्याच्या टाकीपाशी. दोन्ही वेळा एकच प्रश्न, पुढला भाग कधी. दुसऱ्या वेळी मी चिडले. "अगं, एवढं काय अडलंय तुझं त्या भागावाचून?" असं मी जरा जोरातच म्हणाले, आणि आजूबाजूच्या मुली वळून बघायला लागल्या तशी ती बाटली तशीच अर्धी घेऊन पळाली.

तिसऱ्या वेळी शाळा सुटल्यावर ती जिन्यात थांबली होती. बाकीची मुलं उतरून जाईपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि मग एका दमात बोलली.

"बाई, आईची पिशवी काढायची म्हणायलेत डॉक्टर. दिवाळीत कंपनी बंद ऱ्हाती, तवा काढायची. खाडा पडत न्हाई म्हणून."

मी विचारलं, कशासाठी.

"अंगावरून लई जातं तिच्या. लाइनवर उभं ऱ्हायचं काम हाय. सारखं बाथरूमला जाऊ देत न्हाईत, दुसरी बाई जागेवर आली तरच सोडतेत. मावशीची काढली, आत्याची काढली. आमच्या खोल्यांमधल्या चौघींची काढली. मावशी आता वाकून चालती. आई भ्यायली, बाई. ती म्हणायली, तू शाळेत जातीस ना, मग तुझ्या बाईला इचार, काढल्यावर काय व्हतं."

तिची आई गाड्यांच्या वायरी बांधायच्या एका कंपनीत कंत्राटावर होती. वय किती विचारलं तर बोटं मोजून म्हणाली, बत्तीस. मुलीच्या पाठीवर एक भाऊ होता, म्हणजे घरच्यांच्या हिशेबी पिशवीचं काम संपलं होतं. आणि ही पोर तीन आठवडे माझ्या बटाट्यांची उंची मोजत, पानफुटीला पाणी घालत, पुढच्या भागाची वाट बघत बसली होती. दिवाळीच्या आधी तो भाग आला तर आईला घरी जाऊन सांगता येईल, एवढाच तिचा हिशेब.

इथे मला माझं एक सांगायला हवं. एक्केचाळिसाव्या वर्षी माझंही हेच झालं होतं. महिन्यातले बारा-बारा दिवस. गडद रंगाच्या साड्या नेसून शाळेत यायचं, खुर्चीवरून उठताना मागे वळून बघायचं. पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, काढून टाका, कटकट मिटेल. माझी नणंद शिकलेली, ती मला ओढत थेरगावच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, आणि पाच-सहा महिन्यांत सगळं थांबलं. माझी पिशवी आजही जागेवर आहे. हे सगळं त्या जिन्यात माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण तेरा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं असं मला वाटलं, म्हणून मी म्हणाले, "आईला शनिवारी पालकसभेला घेऊन ये. मी बोलते तिच्याशी."

ती इतकी हसली की मला तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या सोडत खाली गेली.

शनिवारी स्कूटीवर मी वाक्यं जुळवत आले. ताई, घाई करू नका. आणखी एका डॉक्टरांना दाखवा, सरकारी दवाखान्यातही दाखवता येतं. गोळ्यांनी बऱ्याचदा थांबतं, माझं थांबलं. काढायचीच झाली तर नुसती पिशवी काढणार की अंडाशयही, ते विचारून घ्या, कारण तुमचं वय लहान आहे. चार वाक्यं होती. कंटेनरच्या मागे अडकले होते तेव्हा मी ती मोठ्याने म्हणूनही पाहिली.

आमची पालकसभा हॉलमध्ये होते. एका टेबलापाशी वर्गशिक्षक, समोर पालकांची रांग, आणि बाजूच्या टेबलावर मुख्याध्यापक. मुलीची आई आली तेव्हा पहिली शिफ्ट करून थेट आली होती. साडीवर कंपनीचा निळा शर्ट, त्याच्या खिशाला अडकवलेला पास, डोळ्यांखाली काळं. बारीक बाई. मुलगी तिचा हात धरून, आणि तोंड असं फुललेलं, आईला जणू बक्षीस घ्यायला घेऊन आली होती. त्यांच्या मागे हातात हेल्मेट घेतलेले एक गृहस्थ, त्यांच्या मागे आणखी सात-आठ जण, त्यांतले बहुतेक पुरुष.

मी प्रगतिपुस्तक पुढे केलं. आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाली, "बाई, पोरगी म्हणायली तुमाला ह्यातलं समदं कळतं. पिशवीचं. काढावी का न्हाई?"

हळू म्हणाली, पण हॉलमध्ये तेवढं ऐकू जातं. हेल्मेटवाले गृहस्थ छताकडे बघायला लागले. बाजूच्या टेबलावर मुख्याध्यापकांनी पान उलटता उलटता हात थांबवला. मी चार वाक्यं आठवायचा प्रयत्न केला आणि मला फक्त तिसरं आठवलं, माझं थांबलं. ते त्या रांगेसमोर उच्चारायचं, या विचारानेच माझे कान तापले.

"मी डॉक्टर नाही हो, ताई," मी म्हणाले. "त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. ते म्हणतात तसं करा."

"व्हय का," ती म्हणाली.

"मुलगी हुशार आहे. गणितात जरा लक्ष द्यायला सांगा."

तिने सही केली. नाव लिहायला तिला वेळ लागला, आणि ते लिहिताना मी मागच्या गृहस्थांना पुढे या अशी खूण केली. मुलगी माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त वाट बघत होती, की बाई आता बोलतील, आता बोलतील. आई तिला दंडाला धरून घेऊन गेली तेव्हाही ती मान वळवून बघतच होती.

मला लाज वाटते. हे सरळ लिहून टाकते, कारण याच्याभोवती फिरत बसण्यात अर्थ नाही. मला नोकरी जाण्याची भीती नव्हती, कुणी मारायला येणार नव्हतं. सात-आठ अनोळखी माणसांना माझ्या पोटातलं कळेल, एवढ्याचीच भीती होती. तेवढ्यासाठी मी एका बाईला हात वर करून दाखवले.

सोमवारी मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, धड्याचा दुसरा भाग मला सहामाहीच्या आधीच घ्यायचाय. त्यांनी चष्मा काढला. ते इथल्याच गावातले, जुन्या घरातले, स्वभावाने वाईट नाहीत.

"बाई, परीक्षा तोंडावर आली. त्यो भाग काय कुठं पळून चाललाय का? दिवाळीनंतर घ्याच की. मागं एक बाप येऊन गोंधळ घालून गेला हुता, इसरला का? आपल्याला नको ती कटकट न्हाई पायजे."

मी बरं म्हणाले. भांडायला मी एरवी कमी नाही. वेळापत्रकावरून, पंख्यावरून, प्रयोगशाळेच्या किल्लीवरून मी त्यांच्याशी कडाकडा भांडलेली आहे. त्या दिवशी मात्र मला त्यांचं उत्तर सोयीचं वाटलं. आईचा फोन नंबर हजेरीच्या शेवटच्या पानावर होता. मी ते पान दोनदा उघडलं. पहिल्यांदा ती शिफ्टला असेल असं म्हणून मिटलं, दुसऱ्यांदा नवऱ्याने उचलला तर काय सांगायचं म्हणून मिटलं. मग परीक्षा आली, पेपर तपासणं आलं, आणि दिवाळी. मी चकल्या केल्या, माहेरी जाऊन आले. सुट्टीत ती बाई मला किती वेळा आठवली असं कुणी विचारलं, तर दोनदा.

शाळा उघडली तेव्हा दुसऱ्या बाकावरची खिडकीकडची जागा रिकामी होती. तिच्या शेजारणीला विचारलं. "तिच्या आईचं ऑपरेशन झालं ना, बाई. ती घरी स्वयंपाक करती." मी हजेरी पुढे चालू ठेवली.

दोन दिवसांनी मी तो भाग घेतला. मुलांना मैदानावर सोडलं नाही. कबड्डीच्या आशेने ते उठायला लागले तर मी बसा म्हणून ओरडले. दार उघडं ठेवलं. फळ्यावर आकृती काढली आणि गर्भाशय या शब्दाच्या शेजारी कंस करून पिशवी असं लिहिलं. मग सगळं सांगितलं. पाळी का येते, अंडाशय काय करतात, त्यांतून येणाऱ्या संप्रेरकांचा हाडांशी, झोपेशी, मनाशी काय संबंध असतो. जास्त रक्त जाण्याची कारणं किती असतात आणि त्यांतली किती गोळ्यांनी बरी होतात. डॉक्टरांना प्रश्न विचारता येतात, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाता येतं. आणि मग मी म्हणाले, मलाही हा त्रास होता, माझाही गोळ्यांनी बरा झाला. कुणी हसलं नाही. पिशवी शब्दावर जो मुलगा फिसकन हसला होता, तो खाली बघून लिहीत होता. चोवीस वर्षांत मी एवढा चांगला तास घेतलेला नाही. ज्या मुलीसाठी तो घेतला, ती त्या वेळी कुठल्या तरी खोलीत भाकरी थापत होती.

तासाची तक्रार झाली. दोन पालक येऊन गेले. मुख्याध्यापकांनी मला बोलावून, पुढल्या वर्षीपासून पोरं-पोरी वेगळी बसवायची आणि पुस्तकात आहे तेवढंच सांगायचं, असं एका कागदावर लिहून घेतलं. मी सही केली. मलाही नाव लिहायला जरा वेळ लागला.

ती तीन आठवड्यांनी आली. वेण्या स्वतःच्या स्वतः घातलेल्या, एक वर, एक खाली. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत येऊन तिने दप्तरातून एक घडी केलेला कागद काढला. खासगी दवाखान्यातून आईला घरी सोडताना दिलेला.

"बाई, इंग्रजीत हाय. काय लिव्हलंय?"

मी वाचला. गर्भाशय काढलं होतं, आणि दोन्ही अंडाशयही काढले होते. कारणाच्या रकान्यात फक्त जास्त रक्तस्राव असं होतं. कुठल्या तपासण्या केल्या ते कुठेच नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं. खोटं सांगायचा विचार मनात येऊन गेला, पण ती ओळखेल अशी भीती वाटली.

तिने शेजारणीची वही सोबत आणली होती. त्यातली माझ्या फळ्यावरची आकृती तिने उघडली आणि बोट ठेवलं.

"ही पिशवी. अन् हे दोन तर येगळे हायेत की, बाई. हे कशाला काढले?"

कदाचित गरज असेल, असं काहीतरी मी पुटपुटले.

"आईला सारखी आग व्हती अंगाची," ती म्हणाली. "थंडीत बी पदर काढून बसती. रडती. मी म्हणलं, बाईला इचारून येते." मग ती थांबली आणि कागदाची घडी घालायला लागली. "तुमी डॉक्टर न्हाईत, माहीत हाय मला."

ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. मी सांगितलेली गोष्ट तिने लक्षात ठेवली होती, हुशार मुली ठेवतात तशी. घंटा झाली आणि ती वर्गात गेली.

पुढे तिच्या आईचं कंत्राट वाढवलं नाही. तिला लाइनवर उभं राहवत नव्हतं, म्हणजे ज्या उभं राहण्यासाठी पिशवी काढली तेही गेलं. मुलगी रोज पहिल्या तासाला उशिरा यायची, हातांना कणकेचा वास. मी तिला कधी उशिराबद्दल बोलले नाही, पण माझ्या मुकाट्याने आत घेण्याचा तिला काही उपयोग नव्हता. तिचा हात पुन्हा वर झाला नाही. मी मुद्दाम तिच्याकडे बघून "काही शंका?" विचारायचे, अगदी दाराकडे न जाता, टेबलापाशी उभी राहून. ती मान हलवायची. तिची पानफुटीची रोपं वर्गाच्या खिडकीत डब्यात लावलेली होती, ती सुट्टीत पाण्यावाचून वाळली.

वार्षिक परीक्षेचा पेपर मीच काढला. त्यात दोन गुणांचा एक प्रश्न होता, गर्भाशयाचे कार्य लिहा. दरवर्षी असतो. एक वाक्य अपेक्षित, गर्भाची वाढ गर्भाशयात होते. सोबत आणखी काही लिहिलं तर दुसरा गुण. तिचा पेपर गठ्ठ्यात मधे कुठेतरी होता. अक्षर पाहून मी ओळखलं. निकाल लागला की ती सगळी बीडला परत जाणार, हे मला शेजारणीकडून तोवर कळलेलं होतं.

तिने लिहिलं होतं:

"गर्भाशयात गर्भाची वाढ होते. ते काढले की पाळी थांबते. सोबत अंडाशय पण काढले तर अंगाची आग होते, घाम येतो, सांधे दुखतात, सारखे रडू येते. बाई बत्तीस वर्षांची असली तरी म्हातारी होते. ते परत वाढत नाही."

शेवटचं वाक्य पुस्तकात नव्हतं आणि मीही ते वर्गात कधी सांगितलेलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये तिने मला विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं, आणि ते तिने स्वतःच शोधून आणलं होतं. मी लाल पेन उचललं. उत्तर बरोबर होतं. मी दोनपैकी दोन दिले.